साभार परत, साभार पुनर्मुद्रित

मराठी लेखकाच्या आयुष्यात ‘साभार’ हा शब्द दोन प्रसंगी येतो. एकदा त्याचे लेखन नापसंत होऊन परत येते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा ते इतके पसंत पडते की, त्याला न विचारताच कोणीतरी ते आपल्या अंकात छापून टाकतो तेव्हा. पहिल्या प्रसंगी चिठ्ठीवर ‘साभार परत’ असे असते. दुसऱ्या प्रसंगी लेखाच्या तळाशी, बारीक टाइपात, कंसात ‘अमुक मासिकावरून साभार’ असे असते. दोन्ही प्रसंगी लेखकाच्या हाती पडते ते सारखेच, म्हणजे काहीच नाही. फरक असलाच तर इतकाच की, पहिल्या प्रसंगी निदान आभार तरी त्याचे मानलेले असतात. दुसऱ्या प्रसंगी तेही मासिकाचे, म्हणजे पर्यायाने मासिकाच्या मालकाचे मानलेले असतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. एका नियतकालिकातून दुसऱ्यात, एका दैनिकातून त्याच्या भावंड-दैनिकात, छापील पानावरून संकेतस्थळावर जो मजकूर आणि जी चित्रे आज जात असतात, त्यांचा व्यवहार दोन मालकांमध्ये होतो. आणि ज्या वस्तूचा व्यवहार होतो ती पुष्कळदा त्या दोघांपैकी कोणाचीच नसते. ती तिसऱ्याची असते. त्या तिसऱ्याला विचारल्यावाचून, त्याचे नाव शाबूत ठेवल्यावाचून आणि मोबदला मिळत असेल तर त्यातला वाटा त्याला दिल्यावाचून केलेला व्यवहार हा सरळ व्यवहार नव्हे. मग त्याखाली कितीही नम्रपणे ‘साभार’ लिहिलेले असो. हे मी मोठ्या वृत्तसमूहांविषयी म्हणतो, तसेच महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या चिमुकल्या मासिकांविषयीही म्हणतो. आणि हे दुसरे म्हणणे पहिल्याहून अधिक अप्रिय होईल हे जाणून म्हणतो.

पूर्वी ही उचल किरकोळ स्वरूपाची होती. कात्री आणि डिंकाची बाटली ही संपादकाच्या मेजावरची दोन आयुधे असत, आणि अंकाची रिकामी पाने भरून काढण्यासाठी ती चालविण्यात कोणाला फारसा संकोच वाटत नसे. आज त्याच उचलीला एका रीतसर व्यापाराचा शेजार लाभला आहे. त्याला सिंडिकेशन असे भारदस्त नाव आहे. एका समूहाने दुसऱ्याशी करार करावा, ठरावीक रकमेत लेख, व्यंगचित्रे व छायाचित्रे वापरण्याची मुभा द्यावी, आणि घेणाऱ्याने ती आपल्या आवृत्त्यांत, पुरवण्यांत व संकेतस्थळांवर वाटून टाकावी, अशी त्याची रीत आहे. या व्यापाराला माझा मुळीच विरोध नाही. चांगला लेख एकाच गावात वाचला जाऊन विस्मरणात जावा, यात कोणाचेच हित नाही. परंतु दुकानदाराने माल विकायला काढण्यापूर्वी तो आपला आहे की कोणी ठेवायला दिलेला आहे, हे पाहावे. एवढी अपेक्षा वाण्याच्या दुकानात जर गैर नाही, तर सरस्वतीच्या दरबारात ती गैर का मानावी?

हा केवळ भावनेचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आहे, आणि त्याच्या १७ व्या कलमाने मालकीचा हा प्रश्न पुष्कळ बारकाईने सोडविलेला आहे. एखादा सचित्र लेख घ्या. लिहिणारा जर नियतकालिकाच्या नोकरीत असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने तो लिहिला असेल, तर उलट करार नसल्यास नियतकालिकांत प्रसिद्ध करण्यापुरता हक्क मालकाचा असतो. परंतु बाकीच्या सर्व बाबतींत, उदाहरणार्थ त्या लेखनाचे पुस्तक वा चित्रपट करण्याच्या बाबतीत, तो त्या नोकरदार लेखकाचाच राहतो. लेखक बाहेरचा असेल, तर हक्क मुळापासून त्याचा. छायाचित्राचे गणित याहून निराळे आहे. कायद्याच्या दृष्टीने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. तथापि कोणी मोबदला देऊन ते मुद्दाम काढवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास पहिला हक्क काढवून घेणाऱ्याकडे जातो; आणि मोबदला देऊन काढवून घेतलेल्या रंगचित्रालाही हाच नियम आहे. उलटपक्षी, छायाचित्रकाराने आपल्या संग्रहातले एखादे जुने छायाचित्र एका अंकापुरते दिले असेल, तर तो अंक निघताच मासिकाचा त्याच्यावरील अधिकार संपतो.

म्हणजे वाचकाला जे एकसंध पान दिसते, त्यात लेख एकाचा, छायाचित्र दुसऱ्याचे आणि मथळ्याशेजारचे चित्र तिसऱ्याचे असू शकते. आणि या तिघांशी मासिकाचे नाते तीन प्रकारचे असू शकते. ‘हे पान आमच्या अंकातले आहे, तेव्हा ते द्यायला आम्ही मुखत्यार आहोत’ असे जो मालक म्हणतो, तो घरात राहतो म्हणून घर विकायला काढणाऱ्या भाडेकरूसारखा आहे. आणि घेणारा जेव्हा ‘आम्ही रीतसर परवानगी घेतली होती’ असे म्हणतो, तेव्हा ती परवानगी भाडेकरूचीच असण्याचा संभव असतो.

बरे, मालकाने लेखकाकडून हक्क घेतले असतील असे धरून चालावे, तर तेही तितके सोपे नाही. हक्काचे हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या स्वाक्षरीनिशी नसेल, तर १९ व्या कलमाप्रमाणे ते वैधच ठरत नाही. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यावर, हे सारे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक महत्त्वाची भर घातली: हस्तांतराच्या वेळी जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, ते करारात स्पष्टपणे सांगितलेले नसेल, तर त्या माध्यमाला ते हस्तांतर लागू होत नाही. कागदी अंकासाठी दिलेल्या कथेचे ध्वनिमुद्रण पुढे कोणी करील, तिची प्रत दूरध्वनीच्या पडद्यावर पैसे घेऊन वाचायला देईल, हे ज्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्या काळचा मुका होकार आज पुढे करता येणार नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक मराठी मासिकांत तर मुका होकारच काय तो असतो. कागद असा नसतोच.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. दिवसभर मी जी टिपणे लिहितो, जे मसुदे तयार करतो, त्यांच्यावर माझा काडीचाही हक्क नाही, आणि तो असू नये हे मला पूर्ण मान्य आहे. त्या कामाचे मला वेतन मिळते. ते शब्द सरकारचे. माझा मसुदा वरिष्ठांनी खोडला, अर्धा ठेवला, त्यावर दुसऱ्याचे नाव घातले, तरी मला रात्री झोप लागते. पण त्याच सरकारने १९६४ च्या वर्तणूक नियमांत फावल्या वेळात अधूनमधून साहित्यिक, कलात्मक वा शास्त्रीय स्वरूपाचे काम करण्याची मुभा पूर्वसंमतीवाचून ठेवली आहे. म्हणजे दहा ते सहा या वेळेतले माझे शब्द आणि त्यानंतरचे माझे शब्द यांत फरक आहे, हे रुक्ष म्हणून हिणविल्या जाणाऱ्या सरकारी नियमांनाही कळते. वेतन न देणाऱ्या मासिकाच्या मालकाने मात्र मला आपला पगारी नोकर समजून माझ्या शब्दांची परस्पर विल्हेवाट लावावी, हे नवल नव्हे काय?

हे नवल मी अनुभविले आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक ललित लेख एका लहान मासिकात आला होता. सोबत एका होतकरू चित्रकाराचे रेखाचित्र होते. पुढे तोच लेख एका मोठ्या दैनिकाच्या पुरवणीत निराळ्या मथळ्याखाली अवतरला. शेवटचे दोन परिच्छेद जागेअभावी गळाले होते, आणि चित्र कडेने कापल्यामुळे चित्रकाराची कोपऱ्यातली सही पानाबाहेर गेली होती. मी पत्र घातले. उत्तर आले की, आपल्या सहप्रकाशनाकडून हा मजकूर रीतसर घेतलेला आहे. सहप्रकाशनाला विचारले, तेव्हा कळले की मूळ मासिकाचा तेथे साभार उल्लेख केलेला होता. मूळ मासिकाच्या संपादकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. उलट आपल्या मासिकाची दखल घेतली गेली याचा त्यांना आनंदच झाला. अशा रीतीने लेख तीन हातांतून गेला, तिन्ही हात आपापल्या परीने स्वच्छ राहिले, आणि ज्या दोघांची ती वस्तू होती त्या दोघांना कोणीच विचारले नाही. माझ्या नावाला नोकरीचा तरी आधार आहे. त्या चित्रकाराचे पोट त्या सहीवरच अवलंबून होते. लोकांनी चित्र पाहावे, कोपऱ्यातले नाव वाचावे आणि पुढचे काम त्याच्याकडे यावे, हीच त्याची जाहिरात. ती जाहिरात कात्रीने कापली, आणि वर त्याला सांगण्यात आले की, ‘तुमच्या चित्राला लाखो वाचक मिळाले.’

हा आजार मराठीपुरता नाही, आणि त्याची किंमत कधीकधी मालकांनाही मोजावी लागते. अमेरिकेत जोनाथन टासिनी व इतर काही स्वतंत्र लेखकांनी १९९३ साली न्यूयॉर्क टाइम्स व अन्य प्रकाशकांवर दावा लावला. या लेखकांनी लेख छापील अंकासाठी दिले होते. प्रकाशकांनी ते त्यांना न विचारता संगणकीय संग्रह चालविणाऱ्या कंपन्यांना पुरविले, आणि तेथे प्रत्येक लेख अंकापासून सुटा होऊन विकला जाऊ लागला. २००१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी लेखकांच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर काय झाले हे पाहण्यासारखे आहे. कोणता लेख कोणत्या अटीवर घेतला होता याची स्वच्छ नोंद ज्यांच्यापाशी नव्हती, त्यांना आपल्याच संग्रहातून हजारो लेख काढून टाकण्याची वेळ आली. लेखकाला चार पैसे देण्याचे टाळणाऱ्यांना शेवटी आपला इतिहासच भोकाभोकांचा करून घ्यावा लागला.

छायाचित्राच्या बाबतीत याहून बोलके उदाहरण हैतीच्या भूकंपाचे आहे. १२ जानेवारी २०१० रोजी पोर्ट-ओ-प्रिन्स शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा डॅनिएल मोरेल हा छायाचित्रकार तेथे होता. त्याने त्या दिवशी काढलेली छायाचित्रे ट्विटरच्या मार्गाने लोकांपुढे ठेवली. दुसऱ्या एका इसमाने ती स्वतःची म्हणून पुढे केली. एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने ती त्या दुसऱ्याच्या नावाने उचलली. आणि एएफपीशी करार असलेल्या गेटी इमेजेसने ती जगभर पुरविली. चूक उमगल्यावर दुरुस्तीची आणि छायाचित्रे मागे घेण्याची सूचना निघाली; परंतु चुकीच्या नावाखालच्या प्रती गेटीच्या साठ्यात तशाच राहिल्या. आणि न्यायालयात आधी कोण गेले? एएफपी गेली, आपण कोणाचा हक्क मोडला नाही असे जाहीर करून घेण्यासाठी! नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथील ज्यूरीने हा हक्कभंग जाणूनबुजून झाल्याचे ठरवून ८ छायाचित्रांसाठी १२ लाख डॉलर मोरेलला देवविले. ज्या शहराचा ढिगारा झाला होता, त्या ढिगाऱ्यात उभे राहून ज्याने कॅमेरा डोळ्याला लावला, त्याला आपण तेथे होतो हे सिद्ध करण्यासाठी जवळजवळ चार वर्षे झगडावे लागले. एक चुकीचे नाव एका हातातून दुसऱ्या हातात गेले की ते कसे खरे होऊन बसते, याचा याहून कडू धडा कोणता?

नावाचा प्रश्न पैशाच्या प्रश्नाहून मोठा आहे, आणि आपल्या कायद्याने तो तसा मानला आहे. ५७ वे कलम असे सांगते की, सर्व हक्क विकून टाकल्यानंतरही आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या कीर्तीला बाध येईल अशा विकृतीला वा मोडतोडीला विरोध करण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून ‘समय की धारा’ हा चित्रपट निघाला; कादंबरीवर चित्रपट काढण्याची परवानगी त्यांनी दिलेली होती. तरीही आपल्या कृतीची विटंबना झाल्याची तक्रार घेऊन त्या न्यायालयात गेल्या, तेव्हा १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हा अधिकार कराराच्या अटींहूनही वरचा असल्याचे मानले. त्याहून मला जवळचे उदाहरण दिल्लीच्या विज्ञान भवनाचे आहे. तेथील भिंतीवर अमरनाथ सहगल यांनी घडविलेले भव्य ब्राँझशिल्प होते. १९७९ साली ते उतरवून गोदामात टाकण्यात आले आणि त्याची मोडतोड झाली. सहगल यांनी १९९२ साली केंद्र सरकारविरुद्ध दावा केला. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करावेत आणि ५ लाख रुपये भरपाई द्यावी असा निर्णय दिला. शिल्प सरकारचे होते, भिंत सरकारची होती, पैसेही सरकारने दिले होते. तरीही कलावंताच्या कीर्तीवर सरकारची मालकी नव्हती. ज्या सरकारचा मी एक सामान्य सेवक आहे, त्याला जे ऐकावे लागले, ते एखाद्या पुरवणीच्या संपादकाला ऐकावे लागू नये, असे कोणत्या न्यायाने म्हणता येईल?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ज्ञानप्रसाराचा. ‘विद्या विकायची नसते, आपल्या संतांनी अभंगांवर कधी मानधन मागितले काय?’ असे काही सज्जन विचारतात. संतांनी मानधन मागितले नाही हे खरे. पण प्रत्येक अभंगाच्या अखेरीस त्यांनी आपली नाममुद्रा ठेवली, हे हे सज्जन सोयीस्करपणे विसरतात. ज्यांनी संसाराची आसक्ती सोडली होती, त्यांनीही ‘हे बोल माझे’ एवढे सांगण्याचे सोडले नाही. आणि शेकडो वर्षे ज्यांनी ते अभंग तोंडी जपले, त्या अक्षरशत्रू वारकऱ्यांनीही नाममुद्रा गाळून अभंग म्हटला नाही. ‘जागेअभावी’ नाव गाळण्याचा शोध हा सुशिक्षितांचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, प्रसिद्धी हेच लेखकाचे मानधन. हे म्हणणाऱ्याने आपला कागदवाला, आपला छापखानेवाला आणि टपालखाते यांनाही याच नाण्यात पैसे चुकवून पाहावेत. अंकावर छापखान्याचे नाव तर कायद्यानेच छापावे लागते. म्हणून छपाईचे बिल कोणी फाडून टाकलेले नाही.

तिसरा आक्षेप कायद्याच्याच आधाराने येतो, म्हणून त्याला न्याय दिला पाहिजे. चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक वा धार्मिक विषयावरील लेख एका नियतकालिकातून दुसऱ्यात पुनर्मुद्रित करण्यास ५२ व्या कलमाने सूट दिली आहे, हे खरे. लोकांच्या हिताच्या चर्चेला खीळ बसू नये, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण या सवलतीला दोन कुंपणे आहेत. एक, ती कथेला, कवितेला, प्रवासवर्णनाला लागू नाही. आणि लेखासोबतचे छायाचित्र वा चित्र म्हणजे लेख नव्हे. दोन, लेखकाने पुनर्मुद्रणाचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवला असेल, तर ती सवलत लेखालाही नाही. आपल्याकडे ही सवलत कथेपासून मुखपृष्ठापर्यंत सर्वत्र पसरलेली आहे असे समजले जाते, आणि ती राखून ठेवण्याची एक ओळ लेखकांनी लेखाखाली लिहावी हे कोणी त्यांना सांगत नाही.

चौथा आक्षेप ‘ते फार जुने आहे’ हा. जुने म्हणजे किती जुने? लेखन आणि चित्र यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रसिद्धीपासून मोजली जात असे. २०१२ पासून त्यांनाही कर्त्याच्या आयुष्याचा हाच नियम लागू झाला. दीनानाथ दलाल १९७१ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांचे हक्क आज वारसांकडे असोत वा चित्रे काढवून घेणाऱ्या प्रकाशकांकडे असोत, ते २०३१ च्या अखेरपर्यंत जिवंत आहेत. दिवाळी अंकाला जुन्या जमान्याची शोभा यावी म्हणून दलालांचे एखादे चित्र इकडून तिकडून उतरवून घेणाऱ्यांनी हे साल आपल्या मेजावर लिहून ठेवावे.

शेवटचा आक्षेप आपल्या घरचा आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला सर्वांत जड जाते. महाराष्ट्राबाहेर मराठी मासिक चालविणे म्हणजे काय, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. वर्गणीदार मोजके, जाहिराती त्याहून मोजक्या, मराठी जुळणी जाणणारा मनुष्य गावात एखादाच, आणि संपादकाचे घर हेच कचेरी. मुंबई-पुण्याच्या अंकातली एक चांगली कथा उचलून येथल्या शंभर घरांत पोहोचविली, तर त्यात कोणाचे काय बिघडले, असे विचारले जाते. माझे उत्तर असे की, पैसे नसणे हा दोष नव्हे. पण विचारायला पैसे पडत नाहीत. आज चार ओळींचे पत्र क्षणात लेखकाच्या हाती पडते. आपल्या परगावच्या मासिकाने अशी विनंती केली, तर बहुतेक मराठी लेखक मानधनाचा शब्दही न काढता होकार देतील, असा माझा विश्वास आहे. दिलेल्या भेटीत जो जिव्हाळा असतो, तो न विचारता उचललेल्या वस्तूत नसतो. आणि आणखी एक लक्षात ठेवावे: मराठी कथा हिंदीत किंवा येथल्या प्रांतभाषेत अनुवादून शेजारच्या मासिकाला देणे, हे तर आपण मराठीची सेवा म्हणून अभिमानाने करतो, पण अनुवादाचा हक्कही मूळ लेखकाचाच आहे. मराठीची सेवा मराठी लेखकाला डावलून होत नसते. आज आपण मुंबईच्या लेखकाला न विचारता त्याची कथा घेतली, तर उद्या मुंबईच्या दैनिकाने आपल्या लेखकाची घेतली असता आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

मोठ्या समूहांविषयी मात्र मला अशी सहानुभूती वाटत नाही. त्यांना हक्काची किंमत उत्तम कळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय या अमेरिकन कंपनीवर आपला मजकूर विनापरवानगी वापरल्याचा आरोप ठेवून दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परंतु आपला मजकूर यंत्राने गिळला म्हणून सारा वृत्तव्यवसाय जेव्हा हक्कांची भाषा बोलू लागतो, तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारावासा वाटतो: हा मजकूर ज्यांनी लिहिला, ही छायाचित्रे ज्यांनी उन्हातान्हात उभे राहून काढली, त्यांच्यातल्या पगारी नसलेल्यांना तुम्ही तो कोणाकोणाला विकला हे कधी सांगितले होते काय? आपल्या ताटातले कोणी उचलले की ती चोरी, आणि आपण दुसऱ्याच्या ताटातले उचलले की तो सहकार, हा हिशेब फार दिवस चालणार नाही. चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा समान वाटा सोडून देता येणार नाही, असे संरक्षण २०१२ च्या दुरुस्तीने दिले. वृत्तपत्रात लिहिणाऱ्याला तसे संरक्षण नाही. म्हणून त्याच्यापुढे छापील करार ठेवून ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, सर्व काळ’ असे लिहून घेण्याची चाल बळावत आहे. ती कायद्यात बसत असेल; सभ्यतेत बसत नाही.

उपाय काय, असे विचाराल तर कारकुनाला एकच उपाय सुचणार, आणि तो म्हणजे नोंदवही. प्रत्येक मासिकाने, ते कितीही लहान असो, एक नोंदवही ठेवावी. अंकातल्या प्रत्येक लेखासाठी एक ओळ आणि प्रत्येक चित्रासाठी वेगळी ओळ. लेखाच्या ओळीत चित्र घुसडू नये. रकाने थोडेच लागतील: कर्ता कोण, हक्क कोणाचा, तो लेखी मिळाला काय व कोणत्या तारखेस, कोणत्या माध्यमासाठी, किती मुदतीपर्यंत, कोणत्या प्रदेशात, पुढे दुसऱ्याला देण्याची मुभा आहे किंवा नाही, काटछाट चालेल काय, नाव कसे छापावयाचे, आणि आलेल्या रकमेतला कर्त्याचा वाटा किती. कोणी मजकूर मागितला की नोंदवही उघडावी. ‘पुढे देण्याची मुभा’ या रकान्यात काही नसेल, तर मागणाऱ्याला कर्त्याचा पत्ता द्यावा आणि आपण बाजूला व्हावे. दिल्यावर कोणाला दिले तेही लिहावे. म्हणजे नावात चूक निघाली किंवा कर्त्याने संमती मागे घेतली, तर दुरुस्ती कोठवर पोहोचवायची हे कळेल. हैतीच्या छायाचित्रांचे जे झाले, ते निस्तरण्यासाठी प्रतींच्या या शेवटच्या रकान्याइतके उपयोगी दुसरे काही नव्हते.

लेखकांनी आणि चित्रकारांनीही आपल्याकडून एवढे करावे: हस्तलिखिताच्या वा चित्राच्या पाठीवर ‘या अंकापुरते, पुनर्मुद्रण व अनुवाद यांचे हक्क राखून’ ही ओळ लिहावी, आणि ती छापण्याचा आग्रह धरावा. असा आग्रह धरणारा माणूस पैशाचा लोभी ठरतो, ही भीती आपल्यातल्या पुष्कळांना गप्प बसविते. ही भीती टाकली पाहिजे. आपल्या शेताची हद्द दाखविणारा शेतकरी लोभी ठरत नाही.

या मासिकाच्या संपादकमहाशयांना माझी विनंती आहे की, नोंदवहीचा आरंभ त्यांनी स्वतःपासून करावा, आणि तिच्यातली पहिली ओळ याच लेखाची असावी. प्रस्तुत लेख कोणाला पुढे छापावासा वाटला, तर माझी हरकत असणार नाही. मात्र आधी चार ओळींनी विचारावे, मथळा व मजकूर जसाच्या तसा ठेवावा, आणि मग खुशाल ‘साभार’ लिहावे. आधी विचारणे आणि मग आभार मानणे, हा क्रम आपल्याला घरात लहानपणीच शिकविलेला असतो. तो पाळला गेला, तर त्या शब्दाबद्दल माझी काही तक्रार नाही.